कोरडी केप

विराजपेटजवळ,
२४ जून १९६७

प्रिय बोळ्ळू,

तुझ्या पायांची सूज उतरली का? बसशील तेव्हा पाय पाटावर ठेवत जा, लोंबकळत ठेवू नकोस. तुझ्या कुशालप्पाचा खोकला कसा आहे? कॅप्टन झाला म्हणून खोकला सलाम ठोकून निघून जात नाही, त्याला मिऱ्याचा काढा घ्यायला सांग. तुझ्या सासूबाईंचा गुडघा? त्यांना अंबाल्याचा उन्हाळा सोसला का? शेजारच्या पंजाबी बाई तुला ताकाचा तांब्या पाठवतात म्हणे, त्यांनाही माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या धाकट्याचा मोडलेला हात जुळला का तेही कळव. इकडे तुझ्या अप्पाची पाठ धरते आणि सुटते. अव्वा ठणठणीत आहे, माझ्या या सुनेचा आवाज तर आणखीच. माझं विचारशील तर दात दोनच उरलेत, पण देवाच्या दयेने समोरासमोर आहेत, त्यामुळे डुकराच्या मटणाचं अडत नाही.

तुझं पत्र अव्वाने पडवीत बसून आम्हाला वाचून दाखवलं. बाळंतपणाला तू घरी येणार नाहीस, तिथल्याच लष्करी इस्पितळात राहणार, एवढं कळलं. मग ती एका ओळीपाशी अडखळली, पाणी प्यायली आणि थेट ‘सर्वांना नमस्कार’वर आली. मला लिहावाचायला कुणी शिकवलं नाही, बंदुकीच्या दारूच्या डब्यांवरची अक्षरं लावत लावत शिकलो, पण गाळलेली ओळ मला बरोबर ओळखू येते. ती दूध काढायला गेली तेव्हा मी पत्र काढून स्वतः वाचलं. त्या ओळीबद्दल शेवटी लिहितो. आधी बंदुकीच्या केपांचं सांगू दे, कारण गेला महिनाभर या घरात दुसरा विषयच नाही.

तू येणार नाहीस म्हणालीस तरी मी तयारी थांबवली नाही. तुझे दिवस भरतात ते ऐन पावसाच्या कक्कड महिन्यात. तेव्हा आपल्याकडे उशीखाली हात घातला तरी ओला निघतो. अशा हवेत आपली ठासणीची बंदूक पहिल्या ठोक्याला उडायला हवी, आणि एकदाच उडायला हवी. एक बार म्हणजे जन्म, दोन म्हणजे मरण, हे दरीपलीकडच्या म्हशींनाही ठाऊक आहे. तुझ्या अप्पाच्या वेळी काय झालं ते तू शंभरदा ऐकलं आहेस, पण आता तुझ्या पोटातल्यालाही ऐकू येत असेल, म्हणून पुन्हा सांगतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, अक्कल बेताची. सुईणीने आतून ‘मुलगा’ म्हटलं, मी अंगणात जाऊन चाप ओढला. घोडा आपटला, नुसतं टिक. केप ओलसर होती. मी घाईघाईने ती बंदूक भिंतीला टेकवली, थोरल्या भावाची घेतली आणि आकाशात बार काढला. तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या माझ्या बंदुकीला आठवण झाली, आणि तीही आपणहून धडाड! नशीब, पन्हळीची दोन कौलंच गेली. अर्ध्या तासात अख्खा गाव पांढरे कपडे घालून दारात. पलीकडच्या वाडीतली चिन्नव्वा तर फाटकापासूनच गळा काढत आली, ‘अगं बाई, बाळंतीण गेली की बाळ गेलं?’ माझी आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अक्कल गेली, ती पण माझ्या मुलाची. आता आलाच आहात तर जेवून जा.’ रडायला आलेली माणसं पोट धरून हसत घरी गेली.

तेव्हापासून केपांच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही. यंदा विराजपेटला मोइदूच्या दुकानात गेलो. त्याने नवा डबा काढला. आतल्या केपा अशा चकाकत होत्या की नवरीच्या कानात घालाव्या. म्हणाला, ‘अज्जा, ही वाजली नाही तर माझं नाव बदला.’ मी म्हटलं, ‘तुझं नाव बदलून माझा बार कसा उडणार? दहा दे, आधी घरी नेऊन बघतो.’ तो हसला आणि दहा केपा पुडीत बांधून दिल्या. आपल्या चुलीवरच्या फळीवर माझ्या बापाच्या वेळचा काळपट डबा आहे ना, ज्यातल्या फुटक्या केपा उचलून तू मुंग्यांना टोप्या घालायला निघायचीस, त्यातल्याही दहा काढल्या. दोन्ही बशीत मांडून आठ दिवस पडवीत ठेवल्या, पावसाच्या तुषारांपासून हातभर अंतरावर. तुझी अव्वा येता-जाता म्हणायची, ‘मामा, लोक पापड वाळवतात, तुम्ही केपा भिजवताय. लोणचं घालू का त्यांचं?’

नवव्या दिवशी रिकाम्या नळीवर एकेक लावून बघितली. नव्या केपा नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडीवर बसायलाच कुरकुरत होत्या. अंगठ्याने कितीही दाबा, किंचित वर राहायच्या. अशा केपेवर पहिला ठोका पडतो तो तिला खाली बसवण्यात वाया जातो, दुसऱ्याला ती वाजते. शिकारीत डुक्कर थांबत असेल दुसऱ्या ठोक्यासाठी, बाळ कशाला थांबेल? दहातल्या चार पहिल्यांदा मुक्या राहिल्या. उलट बापाच्या डब्यातल्या दिसायला शेणासारख्या, पण बोंडीवर अशा बसल्या की बंदूक उलटी करून हलवली तरी पडेनात. नळीच्या तोंडापुढे गवताची काडी धरायला तुझ्या अप्पाला बसवलं. केप वाजली की काडी हलली पाहिजे, म्हणजे ठिणगीची वाट मोकळी आहे. सुभेदार साहेब तीस वर्षं फौजेत काढून आले आणि आता चिखलात उकिडवे बसून ओरडताहेत, ‘हलली! हीपण हलली!’ दहाच्या दहा. वर्षानुवर्षं चुलीची धग खाल्लेल्या त्या. मोइदूला जाऊन सांगितलं, तर म्हणतो, ‘मग अज्जा, तुमचा डबाच मला विका.’

आता ती ओळ. तू लिहिलं आहेस, ‘जिथे मुलगी झाली की केप भिजते, त्या घरी मी माझं लेकरू जन्माला घालणार नाही.’

बाळा, नऊ वर्षांची असताना तू माझ्या मांडीवर बसून विचारलं होतंस, ‘अज्जा, माझ्या वेळी बार ऐकून किती लोक आले?’ आणि मी म्हटलं होतं, पाऊस फार होता, केप भिजली. तू ते खरं मानलंस. शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीस, माझी केप भिजली होती, माझी केप भिजली होती, जसं काही ते मोठं भाग्यच. तुला खरं कधी आणि कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. सांगायला मी हवा होतो. तू झालीस तेव्हा अप्पा लढाईवर होता. मी अंगणात बंदूक ठासून, केप लावून उभा होतो. सुईण म्हणाली, ‘मुलगी.’ मी घोडा हळूच खाली घेतला, केप काढली, बंदूक खुंटीला टांगली. कुणी मला तसं कर म्हणालं नव्हतं, पण मुलीसाठी कुणी बार काढलेला मी ऐकलाही नव्हता. पाऊस होता हे खरं. केप मात्र खडखडीत कोरडी होती. खाली टाकवेना, म्हणून पानाच्या डबीत ठेवली. डबी झिजली, दुसरी घेतली, तरी ती केप या डबीतून त्या डबीत येत राहिली. का ते मला तेव्हा कळलं नाही. तू रांगायला लागलीस तेव्हा कळलं, पण तोवर मी खोटं बोलायच्या तयारीला लागलो होतो.

गेल्या रविवारी जेवणाआधी मी बंदूक पुसली, दारू भरली, काथ्याचा बोळा गजाने ठासला आणि डबीतली ती केप बसवली. तुझा अप्पा मला म्हणाला, ‘चोवीस वर्षांची केप, अप्पा, ती कुठली उडतेय.’ नुसतं टिक झालं असतं तर तुला लिहायला तोंड उरलं नसतं. चाप ओढला. बोळ्ळू, असा बार झाला की फणसावरचे कावळे दरीपार गेले! पहिल्या ठोक्याला. एकच.

मग काय, गाव लोटला. सगळ्यांत पुढे शेजारचा अप्पच्चू, डोक्यावर छत्री उलटी झालेली, धापा टाकत, ‘कुणाला झालं? देचम्माला? या वयात?’ स्वतःचं नाव ऐकून तुझी अव्वा पळी घेऊनच बाहेर आली, तो दोन पावलं मागे सरला. मी म्हटलं, ‘आमची बोळ्ळू झाली. बार काढायला मला जरा उशीर झाला.’ तो म्हणाला, ‘मुलीसाठी बार? असं कधी कुणी ऐकलंय?’ मी म्हटलं, ‘तू ऐकलंस की आत्ता. धावत आलास ना?’ छत्री सरळ करत तो म्हणाला, ‘आलोय खरा. मग खायला काय आहे?’ तेवीस माणसं जेवली. अव्वाने तांदळाचे पापुट्टू वाफवले, मटण कमी पडलं, तरी तुझ्या नावाने कुणी उपाशी गेलं नाही. जाताना अप्पच्चूची सून मला हळूच म्हणाली, ‘अज्जा, त्या काळपट केपांतल्या दोन आम्हाला द्याल? मलाही दिवस गेलेत.’ दिल्या.

फाटलेली केप या पाकिटात घातली आहे. ती तुझी, उशिरा पोचली म्हणून परत पाठवू नकोस. काळ्या डब्यात अजून सतरा आहेत, चुलीवर वाळताहेत. त्यातली एक तुझ्या बाळाची, मुलगा होवो की मुलगी, आणि ती तुझ्या डोळ्यांदेखत अंगणात उडावी एवढ्यासाठीच हे लांबलचक पत्र. येणार असलीस तर मैसूरपर्यंत अप्पा घ्यायला येईल. तुझ्या मनात यायचं नसेल तर तेही स्पष्ट लिही. मी अंबाल्याच्या दिशेला तोंड करून बार काढीन, पण मग तेवीस माणसांना काय सांगायचं तेही तूच सांग. दोन ओळी पुरेत, पण लगेच टाक. टपालवाला फाटकाशी आला की मी अनवाणीच धावतो, आणि अव्वा ओरडते.

तुझाच,
पूवय्या अज्जा