देवापुढे सांगितलेले एकवीस

मंगळवार, दिवेलागणीला

आज देवबागच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करताना आठव्या किलोमीटरला छातीत कळ आली. माडाला धरून उभा राहिलो. घरी सांगितलं, पायात काटा गेला.

गावच्या दवाखान्याला रुग्णवाहिका हवी, तिच्यासाठी पैसे उभे करायला मी धावणार आहे. दहा किलोमीटर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण देवळात गुरव माझ्यासाठी गाऱ्हाणं घालू लागला, देवाला साकडंच ते, आणि अडुसष्टाव्या वर्षी माझ्या तोंडून एकवीस गेलं. सगळा गाव एका सुरात, "व्हय म्हाराजा!" आता आकडा कमी करायचा तर देवाशी खोटं. आणि नाही केला तर? ती कळ...

चहा देताना बायको म्हणाली, "काटो पायात, मगे हात छातीर कित्याक?"

मी हात खाली घेतला.

"देवाक सांगलात, माका इचारूक नाय. आता देव येतलो तुमका उचलूक?"

भीती वाटते, खरंच. विचारलं, त्या "व्हय म्हाराजा"त तुझा आवाज होता का?

"नाय. मी गप्प रवलंय."

मग तिला कळेचं खरं सांगितलं. ती साडी बदलतेय. आम्ही दोघं आत्ताच डॉक्टरकडे निघालोय. नवं गाऱ्हाणं घालावं लागेल. या खेपेला आकडा तीच सांगेल.