‘जुनी वीजबिलं’ नावाचा फोल्डर

सोमवार, १७ नोव्हेंबर

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलं होतं, हेतलवहिनी मुंबईला गेली ती गेली, पोटच्या राहीची चौकशीसुद्धा केली नाही. तसं नाही. तिने मेल केले होते. पुष्कळ. आज समजलं, तेही दादाने कॉम्प्युटर फोडला म्हणून.

क्रमाने लिहिते. सकाळी आई एवढंच म्हणाली, “प्रणय, पोर झोपंत आई आई करतं. सुनेला आन आता.” दादाने कॉम्प्युटरचा डबा वायरींसकट उपटला आणि ओट्यावर आपटला. मग लाथा. पत्र्याचा तुकडा उडून आईच्या भुवईत घुसला. राही माझ्या पायाला चिकटली होती, तिला तिथेच लघवी झाली. रडली नाही.

दवाखान्यात आई म्हणाली, “झावळी परली अंगावं.” डॉक्टरांनी टाके घातले.

बाकावर बसून फोनवर आमच्या होमस्टेचे मेल उघडले. वर वहिनीचा मेल —

“मृणाली, तुझा मेल मिळाला. रविवारी बोटीने मांडव्याला येते. राहीला सांगू नकोस, उगाच नाचेल.”

मी तिला काहीच पाठवलेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

होमस्टेचे मेल आपोआप लावायचा मॅक्रो मीच लिहिला. बुकिंग एका फोल्डरात, तक्रारी दुसऱ्यात. गणपतीनंतर, वहिनी गेल्यावर, दादाने विचारलं होतं, “नको त्या मानसाचे मेल बाजूला काढायचे तर पत्ता कुठं टाकायचा गं?” मला वाटलं, कुणी जाहिरातवाला. दाखवलं.

‘जुनी वीजबिलं’ फोल्डरात वहिनीचे सगळे मेल आहेत, वाचलेले. पण मॅक्रो चालायचा फक्त त्या कॉम्प्युटरवर. डबा फुटला आणि हा एक मेल बाहेरच राहिला.

पाठवलेल्यांत माझ्या नावाचे मेल आहेत. “मी राहीला गुपचूप मांडव्याला आणते. एकटी ये. दुसऱ्या पत्त्यावरून माझ्या नावाने काही आलं तर ते दादाचं समज.” खाली — तुझी मृणाली.

वाचताना वाटलं, मीच लिहिलंय. मला पहिली अक्षरं दादानेच शिकवली, ह्याच ओट्यावर. काना चुकला की बोटांवर पट्टी. माझं लिहिणं त्याचंच आहे.

दादाच्या फोनवरही हे मेल दिसतात. मी वाचल्याचं त्याला कळू नये म्हणून वहिनीचा मेल मी हाताने ‘जुनी वीजबिलं’मध्ये टाकला, न वाचलेला अशी खूण करून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून वहिनीला लिहिलं, येऊ नकोस. उत्तर नाही. देणारही नाही, ती वाट त्याने आधीच बुजवली. होमस्टेच्या पत्त्यावरून लिहिलं तर तिचं उत्तर दादाही वाचेल. तिचा जुना फोन त्याने विहिरीत टाकला, नवा नंबर मला माहीत नाही.

आईची भुवई सुजून डोळा मिटलाय. तरी म्हणते, “त्याचं डोकं तापतं, मन वाईट न्हाय.”

गुरुवार, २० नोव्हेंबर

वाडीत पंपाजवळ दादा आणि त्याचा मित्र प्रज्योत. मी कपडे वाळत घालत होते, चादरीआड.

प्रज्योत म्हणाला, “मावशीकडं ऱ्हाते ना ती, ससून डॉकला? तिथनंच उचलू.”

“येडा हायस काय? तिथल्या कोळणी कोयत्या घेऊन उठतील.”

“फाटली काय रं तुझी?”

दोघं हसले. मग दादा म्हणाला, “मांडव्याला बोटीतनं उतरली की गाडीत घालू. ह्या खेपेला दुसरा हात.”

पहिला त्याने शिमग्यात मोडला. मी बघितला होता — कोपराखाली उलटा वळलेला, आणि वहिनी ओरडतसुद्धा नव्हती.

ओली चादर किती वेळ माझ्या हातातच होती.

एकदा वाटलं, पंपाशेजारची पहार घ्यावी आणि त्याच्या डोक्यात घालावी. वाटलं ते लिहिते. खोटं लिहायचं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जेवताना दादा म्हणाला, “रविवारी तू पन चल. पोरीला घेऊन जेट्टीवं पुढं उभी ऱ्हा. तुमाला बघितलं की ती उतरंल.”

हो म्हणाले. भात वाढला.

राहीला घेऊन जाणार आहे — तिच्या आईकडे, ससून डॉकला, पहिल्या बोटीने. उद्या, शनिवार, २२ नोव्हेंबर.