कुणाशीही वैर नसल्याचा दाखला

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

तीन संस्था, अकरा माणसं, बावीस सामोसे — आणि निर्वासित एक! अंधेरीच्या चर्चच्या हॉलमध्ये आज 'समन्वय बैठक' झाली. निर्वासितांचं काम पाहणाऱ्या दिल्लीच्या त्या आंतरराष्ट्रीय कचेरीचा मुंबईत माणूस नाही. म्हणून त्यांनी कळवलं, की स्थानिक संस्थांनी मिळून काम करावं. 'मिळून' म्हणजे काय यावर पाऊण तास गेला. पत्रावर आधी सही कुणाची? चर्चवाल्यांची की आमच्या पार्ल्याच्या शेजार मंडळाची? महिला समितीचं म्हणणं, सामोसे आमचे, सही आमची.

जिच्यासाठी हे सगळं, ती झरमिना कोपऱ्यातल्या खुर्चीवर. काबूलची. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिशी नुकतीच उलटली असेल. मरोळला सोनूबाईंच्या शेजारच्या खोलीत राहते. सोनूबाई म्हणजे पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स. त्यांनीच तिला आमच्यापर्यंत आणलं. तिचा इथं राहण्याचा परवाना पंधरा एप्रिलला संपतो. त्याआधी दिल्लीनं 'ही निर्वासित आहे' असा कागद दिला तर राहील. नाहीतर काबूल.

"परत पाठवली तर काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?" सोनूबाई म्हणाल्या. तेवढ्यापुरते सामोसे थांबले.

ठरलं — दिल्लीला शिफारसपत्र जायचं. आमचे सेक्रेटरी दत्ताराम माझ्याकडे वळले. "प्रेमाताई, दिवाळी अंकांत लोकांची सालटी काढता. एकदा कुणाचं भलं करा!" मी कसली सोडते! तिथल्या तिथं शिफारसपत्र या प्रकारावर दहा मिनिटं बोलले. दत्ताराम हळूच चर्चवाल्यांना म्हणाले, "या जन्मल्या तेव्हा रडल्या नसतील, भाषण केलं असेल."

ऐकू आलं मला. आवडलंही.

६ फेब्रुवारी

झरमिनाला विचारायला मरोळला गेले. तिचं हिंदी आपल्या सिनेमांतलं, त्यामुळे माझ्यापेक्षा चांगलं. चहा दिला — दुधाशिवाय, वेलची घालून. काय झालं, का निघालीस, विचारलं. म्हणाली, "लिहिण्यासारखं काही नाही, प्रेमा-जान. शाळा छान होती. मुली हुशार होत्या." मग आवारातल्या तुतीच्या झाडाबद्दल अर्धा तास. फळं पडायला लागली की मुलींच्या वह्या जांभळ्या व्हायच्या म्हणे.

मीही मग कराची काढली. मला निमित्तच लागतं. उंटाच्या गाड्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज, संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा, आमच्या कोकणी माणसांचा तिथला गणपती... दोघी मिळून दोन गावं फिरून आलो. पत्रासाठी हाती काही लागलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नमुना सापडला! घरातच होता — भिंतीवर, अडतीस वर्षं.

बाबांचा दाखला. बाबा कराचीला शाळेत कारकून. निघताना तिथल्या सिंधी हेडमास्तरांनी टाइप करून दिलेला. 'सदर गृहस्थांचे या शहरात कुणाशीही वैर नव्हते. ते सर्वांना प्रिय होते. ते आपल्या खुशीने जात आहेत व परत आल्यास आम्हास आनंदच होईल.' या एका कागदावर बाबांना अंधेरीच्या शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारात फ्रेम केली. कुणी निर्वासित म्हटलं की बाबा फ्रेमकडे बोट दाखवायचे. "आम्ही निर्वासित नव्हे. आम्ही बदली होऊन आलो!" मुलुंडच्या छावणीत आमच्या ओळखीची किती तरी माणसं होती, बाबा तिकडे फिरकले नाहीत.

माझ्या कराचीत वाईट असं काही नाहीच. अकरा वर्षांची होते, सगळं लख्ख आठवतं. बोटीचं तेवढं आठवत नाही. बोट लागली असेल.

दाखल्यावरून झरमिनाचं पत्र एका बैठकीत उतरवलं. काय वळण आलंय! 'या बाईंचे काबूल शहरात कुणाशीही वैर नाही...' त्याआधी फ्रेम नीट बघायला खाली काढायला गेले तर आई ओरडली, "काय गो, त्या फ्रेमीक हात कित्याक लावतंस? थंयच ऱ्हवांदे!" स्टुलावर उभं राहूनच मजकूर टिपून घेतला.

१० फेब्रुवारी

पत्र वाचताना दत्तारामांचे डोळे भरून आले. तिन्ही संस्थांच्या सह्या एकाच ओळीत, शेजारी शेजारी — तडजोड!

२८ फेब्रुवारी

दिल्लीचं काही नाही.

७ मार्च

काही नाही. दत्ताराम पोस्टमनला कोपऱ्यावरच गाठतात. तो बिचारा आता मागच्या गल्लीतून येतो.

१२ मार्च, बुधवार

आलं.

'आपल्या संस्थांनी दिलेल्या पत्रानुसार अर्जदार बाईंना मायदेशी कुणाचेही भय दिसत नाही. त्या आपल्या खुशीने आल्या असून परत जाण्यास उत्सुक आहेत. सबब त्यांना निर्वासित म्हणता येत नाही. याविरुद्ध काही म्हणणे असल्यास महिन्याच्या आत कळवावे.'

चार वेळा वाचलं. त्यांची चूक नाही. सगळी वाक्यं माझी.

भय! त्यांना फक्त तेवढंच हवं होतं. आणि मी तिला चांगल्या घरची ठरवून मोकळी झाले. सोनूबाई आल्या, पत्र वाचलं, शांतपणे घडी घातली. "झकास लिहिलंत, बाई. लग्न जमलं असतं तिचं."

मी घडी उघडून पाचव्यांदा वाचलं.

१६ मार्च, रविवार

सोनूबाईंनी झरमिनाला आणि मला आरेच्या बसमध्ये घातलं. "चार भिंतींत ती बोलायची नाही," म्हणाल्या. तबेल्यांच्या पुढच्या स्टॉपवर उतरून झाडाखाली बसलो. म्हशी ओरडत होत्या. मी तोंड उघडलं की सोनूबाई माझा गुडघा दाबत.

मग झरमिना बोलली. शाळेत सात शिक्षिका होत्या. एकेक नेल्या. कुणी नेल्या, कुठं, विचारायचं नाही. रोज सकाळी ऑफिसात सह्या करायच्या. नेलेल्या बाईच्या नावावर लाल शाईची रेघ असायची. एका सकाळी पहिल्या तासानंतर सही करायला गेली, तर तिच्याच नावावर रेघ. शाई ओली होती. "मी उभी होते तिथं, प्रेमा-जान. आणि मस्टरवर नव्हते." ती मागच्या दारानं निघाली. हाताला खडू तसाच. घरी गेलीच नाही. आईला अजून ठाऊक नाही, मुलगी जिवंत आहे की नाही.

"मग सांगितलं का नाहीस गं आधी?"

"सांगितलं तर माझी शाळा तेवढीच उरेल ना. ती रेघच. तुतीचं झाड कोण ऐकेल मग?"



१९ मार्च

नवं पत्र पाठवलं. झरमिनाच्या शब्दांत, जसं बोलली तसं. मी फक्त टाइप केलं.

२० मार्च

आईनं पाडव्यासाठी साखरेच्या गाठी आणायला सांगितल्या. अजून तीन आठवडे आहेत! पण तिचं पाडव्याचं वेड मोठं. कडुलिंबाआधी मला भांडंभर पाणी प्यायला लावते, समोर उभी राहून, थेंबही ठेवू देत नाही. कराचीची पद्धत असणार. भावाला कधी दिलेलं पाहिलं नाही.

२४ मार्च, सोमवार

दिल्लीच्या कचेरीतून मिस लिंड आल्या. स्वीडनच्या, वय सत्तावीस फार तर, नाक उन्हानं लाल. झरमिनाशी बंद दाराआड दोन तास. मग मला आत बोलावलं. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी.

"दोन्हींवर तुमच्याच संस्थांच्या सह्या. एकात भय नाही, दुसऱ्यात भयाशिवाय काही नाही. तिच्यावर माझा विश्वास बसलाय. पण फाईलवर हे पहिलं पत्र आहे. ते खोटं का, हे ज्यानं लिहिलं त्यानं लेखी द्यावं. उद्या सकाळपर्यंत."

२५ मार्च

पहाटे उठून चार पानं लिहिली. स्वतःचीच सालटी काढली — फ्रेम, बाबा, बदली, सामोसे. छापायला द्यावं असं झालं! सोनूबाई पत्र न्यायला आल्या. वाचताना दोनदा हसल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमचा लेख झाला. झरमिना कुठाय यात?"

फाडलं. सहा ओळी लिहिल्या. 'पहिल्या पत्रातील मजकूर मी माझ्या वडिलांना १९४८ साली मिळालेल्या एका दाखल्यावरून उचलला. झरमिना यांनी त्यातले काहीही मला सांगितले नव्हते. त्या गप्प होत्या. गप्प बसणाऱ्या माणसाला काही झालेले नाही, असे मी समजले. चूक माझी. शिक्षा त्यांना नसावी.' सही.

आयुष्यात इतकं कोरडं लिहिलं नव्हतं.

२ एप्रिल

तेरा दिवस उरले. झरमिना सोनूबाईंच्या पोरींना भागाकार शिकवते.

९ एप्रिल, बुधवार

तार! मंजूर!

दत्ताराम रस्त्यातून ओरडतच आले. चर्चवाले, महिला समिती, सगळे मरोळला. तिथं हारावरून वाद — आधी कुणी घालायचा! सोनूबाईंनी तिन्ही हार ओढून घेतले आणि एकदम घातले. झरमिना हसली. अशी हसते हे माहीतच नव्हतं. मग आईला पत्र लिहायला बसली, आणि पहिल्या ओळीवरच थांबली. आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो.

तारेपाठोपाठ दिल्लीचं पत्रही आलंय. त्यांना फाईल पुरी करायची आहे. 'आपण उल्लेख केलेल्या जुन्या दाखल्याची झेरॉक्स पाठवावी.' कारकून जगभर सारखेच! दुकानदार म्हणतो, काच काढून आणा. उद्या आई गुढीच्या तयारीत असेल तेव्हा उरकते.

१० एप्रिल, पाडवा

पाणी प्याले. आई खिडकीपाशी गेल्यावर फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले.

दाखल्याच्या पाठीशी घडी घातलेला दुसरा कागद. सरकारी. विस्थापितांच्या नोंदणी-अर्जाची प्रत, फेब्रुवारी १९४८. बाबांचं अक्षर.

'येण्याचे कारण — जिवाची भीती.'

खाली घरच्यांची नावं. शेवटचं माझं. 'मुलगी प्रेमा, वय ११. सव्वीस दिवस झाले, एक शब्द बोललेली नाही.'

कागद घेऊन आईपुढं उभी राहिले. ती गुढीला गाठी बांधत होती. वळली नाही.

"मी कधी बोलले, आई?"

"पाडव्याक," ती म्हणाली. "पाणी मागलंस."