बाराशे लिटर पिण्यालायक पाणी

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. हॉलमध्ये फिशटँक. साधासुधा नाही, आठ फुटी, बाराशे लिटरचा.
बरोबर पाच आठवड्यांनी, नऊ मार्चला, लेक, जावई आणि नात येणार आहेत. चार वर्षांनी. हिने फोनवर कसंबसं जमवून आणलंय. नातीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती एक वर्षाची होती, नंतर फक्त फोटोत. तिला मासे आवडतात म्हणे. आवडणारच. बापाचं शोभेच्या माशांचं दुकान.
ही म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, जावयांना नुसता फोन करून सॉरी म्हणा. सॉरी कशाबद्दल? तेव्हा तो दुकानातून थेट जेवायला आला होता. मी म्हणालो, हात धुऊन या. धुऊन आला. वास येतच होता, म्हणून म्हणालो, साबणाने पुन्हा धुवा. चार पाहुण्यांसमोर म्हणालो, एवढंच. तर न जेवता उठून गेला, मागोमाग लेक. ही साधी आरोग्यविषयक सूचना होती. पाणी शुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं क्लोरीन विभाग सांभाळलाय, मला घाण कळते.
टँक बघून त्यालाही कळेल की सासऱ्याला माशांबद्दल आदर आहे. बोलायची गरजच पडणार नाही.

५ फेब्रुवारी
स्टँडचं माप घ्यायला सुतार आला. वजन विचारलं. काच, वाळू, पाणी धरून दीड टन, असं सांगितलं. त्याने जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाली कोण राहतं विचारलं. म्हटलं, कोणी नाही, तळमजला आहे. मग ठीक आहे, म्हणाला, निदान दुसरं कोणी मरणार नाही.
कारागीर चांगला आहे, बोलणं जरा फटकळ.

८ फेब्रुवारी
टँक आला. सहा माणसं. दारातून आत जाईना. दार काढलं. तरी जाईना. चौकट काढली. सोफा आणि शोकेस मागच्या खोलीत गेले. ही विचारते, पाहुणे बसणार कुठे? टँक बघायला येणारी माणसं उभीच असतात.
चौकट सोमवारी बसवायची.

११ फेब्रुवारी, सकाळी १०
फिल्टर जोडला. अगदी सोपं काम. मोठ्या टँकखाली दुसरी छोटी टाकी, तिला तीन कप्पे. पाणी पाइपने खाली येतं, पहिल्या कप्प्यातल्या स्पंजातून आणि दुसऱ्यातल्या सिरॅमिकच्या तुकड्यांतून जातं, तिसऱ्यातला पंप ते परत वर ढकलतो. आमच्या केंद्राची छोटी आवृत्तीच.
सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, टँक महिनाभर माशांशिवाय चालवा आणि फिल्टरमध्ये उपयोगी जंतू वाढू द्या. जंतू वाढू द्या म्हणे. छपाईची चूक असणार.

११ फेब्रुवारी, दुपारी १
पंप सुरू केला. पाणी टँकमध्ये न जाता हॉलमध्ये आलं. एक पाइप उलटा लागला होता. हिला सांगितलं, ट्रायल होती. ती फडकी आणायला गेली. दाराची चौकट अजून बसवलेली नाही, त्यामुळे पाणी पटकन बाहेर गेलं. एका अर्थी बरंच झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार
गोल्डफिश आणले. वीस. जावयाच्या दुकानातून नाही, दोन बस बदलून दुसऱ्या टोकाच्या दुकानातून. तिथल्या बाईंनी विचारलं, टँक किती जुना? अभिमानाने सांगितलं, कोरा करकरीत. म्हणाल्या, मग तीन न्या.
धंदा कसा करावा हे काही लोकांना कळत नाही.
पाणी दोन दिवस आधी भरून ठेवलं होतं, क्लोरीन उडून जायला. याला अनुभव म्हणतात. पाणी इतकं स्वच्छ की पिण्यालायक.

१९ फेब्रुवारी
मासे रुळले. मी जवळ गेलो की सगळे वर येऊन, तोंडं पाण्याबाहेर काढून माझ्याकडे बघतात. तीन दिवसांत एवढी माया.
पाणी जरा दुधी दिसलं. स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे काढून क्लोरीनच्या पाण्यात घासले, गरम पाण्याने खळबळून परत लावले. चकाचक.

२२ फेब्रुवारी
सहा गेले. प्रवासाचा ताण असणार.
ही गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होती. मध्येच अमोनिया हा शब्द ऐकू आला. हिला अमोनिया कुठून माहीत? विचारलं तर म्हणाली, भाजीवालीशी बोलत होते.
संकल्प: उद्यापासून फिल्टर रोज धुवायचा.

२६ फेब्रुवारी
सात उरले. कंबर धरली आहे, बोटांची सालं निघालीत. रोज सकाळी दात घासायच्या आधी मासे मोजतो. आज मोजायला उठावंसंच वाटेना. हिने मोजले आणि आकडा सांगायचं टाळलं.
ही म्हणते, जावयांना विचारा. अजून अकरा दिवस आहेत. एकतीस वर्षांत अख्ख्या शहरात माझ्या पाण्याने कोणी आजारी पडलं नाही. सात मासे काय चीज आहेत?

१ मार्च, दुपार
पार्सल आलं. जावयाकडून. चार वर्षांत पहिल्यांदा.
उघडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि त्यात एक स्पंज. काळाकुट्ट, बुळबुळीत, वापरलेला. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. सोबत चिठ्ठी, एकच ओळ: फिल्टरमध्ये तसाच ठेवा.
आधी डोकंच सणकलं. चार वर्षांचा राग असा काढायचा? मग म्हटलं, जाऊ दे. आपण मोठे आहोत. वापरलेला तर वापरलेला, पाठवला तर खरा. नवा घेण्याची ऐपत नसेल.
ही बाहेर गेली होती. तीन पाण्यांतून काढला, ब्रशने घासला, तासभर क्लोरीनमध्ये बुडवला. आतून सुंदर पिवळा निघाला. मोठ्या मनाने पहिल्या कप्प्यात बसवला.

१ मार्च, संध्याकाळ
ही आली. पार्सल पाहून चेहरा उजळला. विचारलं, तसाच ठेवलात ना? मी म्हणालो, तसाच नाही, त्याहून चांगला. ती पाटावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, तुम्हाला मी आता काय सांगू.


५ मार्च
एक उरलाय. कोपऱ्यात तिरका होऊन असतो. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. आज फिल्टर धुतला नाही. फक्त वरवर धुतला.

७ मार्च
शून्य.
ही म्हणाली, त्यांना नका येऊ म्हणते, आपणच कधीतरी जाऊ. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, येऊ दे. रिकामा तर रिकामा. मला भीती वाटते ते येणार नाहीत. आणि त्याहून जास्त भीती वाटते की येतील आणि मी पुन्हा काहीतरी बोलेन.

९ मार्च, रविवार
आले.
नात दारातच थांबली. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, आजोबा, मी हात धुतलेत. बाबांनी दोनदा धुतलेत.
लेक दुसरीकडे बघायला लागली. मला काही बोलताच येईना. बोलायची गरज पडणार नाही असं मीच लिहिलं होतं, ते असं खरं झालं.
नातीने काचेला नाक लावलं आणि विचारलं, मासे लपलेत का? हो म्हणालो. ती अर्धा तास शोधत होती.
जावयांनी खालचा स्पंज बाहेर काढला, हुंगला. कोणी धुतला, विचारलं. म्हटलं, मीच. ते म्हणाले, दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीत दोन वर्षं होता. माशांच्या घाणीतला अमोनिया विषारी असतो, तो खाऊन टाकणारे जंतू या स्पंजातच राहतात. धुतला की गेले. खालच्या आवाजात सांगितलं, टोमणा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.
मी विचारलं, दुसरा मिळेल का? चार वर्षांत त्यांच्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य. हो म्हणाले. मग बाह्या वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि अजून तिरकाच बसलेला तो पाइप सरळ केला. मला वाटलं होतं तो मी केव्हाच सरळ केलाय.
पानं वाढली. ते हात धुवायला उठले. मी म्हणालो, राहू द्या, बसा तसेच.
तरी धुऊन आले. दोनदा.

१६ मार्च, रविवार
जावयांनी दुसरा स्पंज आणला, स्वतः ठेवला. सहा आठवडे कशालाही हात लावायचा नाही. दर रविवारी ते नातीला घेऊन बघायला येणार. स्पंज जगला तर मासे आणायचे, नातीने निवडलेले.
ते गेल्यावर हिने बादली, ब्रश आणि क्लोरीनची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. एवढा अविश्वास बरा नव्हे.

१७ मार्च, सकाळी साडेनऊ
स्पंजाच्या कडेला काहीतरी काळं लोंबतंय. फारच घाण दिसतं.
दुसरी किल्ली घड्याळामागे असते, ते हिच्या लक्षात नाही. अजून घेतलेली नाही. रविवारला सहा दिवस आहेत.