शाल्मलीसाठी हत्ती

८ फेब्रुवारी, सकाळ
भोपाळहून मुलीचा, कल्याणीचा फोन. शनिवारी येतेय, शाल्मलीला घेऊन. एकच रात्र राहणार.
शाल्मली माझी नात, वय सहा. फोनवर मला ‘नमस्ते नानाजी’ म्हणते आणि लगेच आजीला मागते. मागच्या खेपेला चार दिवसांत माझ्याजवळ बसली ती एक कप चहा होईपर्यंत. या वेळी शेजारी बसवणार म्हणजे बसवणार. गप्पाही मराठीत.
प्लॅन तयार. पांढरी उशी, वर हत्तीची नुसती आउटलाइन. रंग तिने भरायचे, मी बाजूला. दोन तास कुठे नाही गेले.
शिवणार मी स्वतः. दतिया गेटपाशी सीट कव्हरचं दुकान शून्यातून उभं केलंय, अर्धी झाँसी माझ्या टाक्यांवर बसते. उशी म्हणजे काय, चार बाजू.

९ फेब्रुवारी
कापड निवडलं. रामसेवकजी, माझे बावीस वर्षांचे कारागीर, म्हणाले साधा लट्ठा घ्या, सुती. मी हसलो. नातीला लट्ठा? दुकानातलं सगळ्यात भारी पांढरं काढलं. चहा सांडा, आइस्क्रीम सांडा, पुसलं की साफ. दहा वर्षांची गॅरंटी.
रामसेवकजी दोनदा ‘सेठजी, वो रंग...’ म्हणून थांबले. मी सांगितलं, पांढराच ठरलाय. म्हणाले, हओ, म्हणजे बरं.

१० फेब्रुवारी, दुपार
अठरा वर्षांनी मशीनवर बसलो. हात विसरत नाही. काळ्या दोऱ्याने हत्ती काढला. सोंड इतकी सुरेख वळली की थांबेचना, थेट कडेपर्यंत गेली. घरी दाखवला. जानकी म्हणाली, अहो, किटलीला पाय कशाला?
बायकोला चित्रकलेतलं कळत नाही, इलाज नाही.
माझे कान फार तीक्ष्ण. पार्टिशनपलीकडे रामसेवकजी चहावाल्याला सांगत होते, ‘आज सेठजी ख़ुद मशीन पे बैठे हैं, भगवान मशीन की रक्षा करें.’ दुकानाच्या सामानाची एवढी काळजी आजकाल कोण करतं.

११ फेब्रुवारी
चारही बाजू शिवल्या. टाके रेषेसारखे सरळ. स्पंज टेबलावरच राहिला.
एक बाजू उसवली, तिच्याबरोबर हत्तीचा एक पायही उसवला. तीन पायांचे प्राणी मुलांना जास्त आवडतात असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

१२ फेब्रुवारी
कापूस दोन महिन्यांत बसतो, म्हणून सीटचाच स्पंज भरला, डबल. उशी आधाराशिवाय उभी राहते. जानकीने डोकं टेकवून पाहिलं. म्हणाली, यावर ट्रकवाला कानपूरपर्यंत आरामात जाईल.
ती सहसा कौतुक करत नाही.

१३ फेब्रुवारी
गप्पांचे विषय काढून ठेवले. शाळा, मैत्रिणी, मी लहानपणी रेक्झिनचे गठ्ठे डोक्यावर वाहायचो ते.
स्वयंपाकघरातून जानकी फोनवर हळूच: ‘तिला जरा समजावून आण गं. बापडे चार दिवस खपतायत. आवडलं म्हणायला सांग.’
म्हणजे सरप्राइज फुटलं. असो. आधी पब्लिसिटी झालेली चांगली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
चार वाजता रंगकामाला सुरुवात. शाल्मली शेजारी बसली. अगदी शिकवल्यासारखं ‘बहुत अच्छा है’ म्हणाली.
निळा रंग लावला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला आणि घरंगळला. मग स्केचपेन. मग मेणखडू. तिने बोट फिरवलं की हत्ती पुन्हा कोरा. कापड मात्र मानलं. रामसेवकजींनी बोलायचं ते वेळेवर स्पष्ट बोलायला हवं होतं.
दहा मिनिटांत ती उठायला निघाली. मी उगाच सगळे रंग पुन्हा ओळीने मांडले, पसारा नको म्हणून. जाता जाता तिने निळं बोट माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीला पुसलं. रंग बसला. तिने बाहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत बसली.
सव्वादोन तास. बाहीवर मोर, पोटावर बस, पाठीवर काय ते मला दिसलं नाही, पण जानकी तोंडाला पदर लावून आत गेली. एकदा खाजवायला वळलो तर पाठीमागून हुकूम आला: ‘आजोबा, हलू नको.’
मराठीत.
हललो नाही. विषय एकही काढता आला नाही, बोललं की बस हलते.

१५ फेब्रुवारी
सकाळच्या गाडीने गेल्या.
उशी नेली नाही, ‘बहुत कड़क है’. कुर्ता मागितला. दिला. घडी घालून मांडीवर घेऊन बसली. उशी जानकीने बाल्कनीच्या दाराशी लावली, वाऱ्याने आपटतं म्हणून. अगदी मापाची बसली.
एकंदर प्लॅन शंभर टक्के यशस्वी. शेजारी बसली, मराठी बोलली, माझ्या हातची वस्तू पसंत पडली. ही शेवटची गोष्ट तिनेच सांगितली. गाडी सुटायच्या आधी कल्याणीने विचारलं, आजोबांनी बनवलेलं काय आवडलं? तिने बराच विचार केला आणि कुर्त्यावर हात ठेवला.
कुर्ता रेडीमेड आहे. मी खिडकीबाहेरून हात हलवत राहिलो.