फोटोतलं कोपर

४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पुतळ्याचं आमंत्रण मिळालं. भर चौकात, सायकलीसकट! मी येणार नाही. कारण विचारशील म्हणून आधीच सांगतो, माझा जळफळाट होतो.

तू शर्यती सोडून जन्म लोटला, पण लोक काही तुला सोडत नाहीत. तुझ्या वहिनीनं माझ्या चष्म्याच्या दुकानात तुझा तो घाटातला फोटो टांगलाय. नवा चष्मा नाकावर चढला की गिऱ्हाईक आधी तुला बघतं, मग माझ्याकडे वळून चॅम्पियन सध्या काय करतात ते विचारतं. फोटोच्या कडेला एक कोपर आलंय. ते कोणाचं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि चष्मे तर मी चांगले देतो रे!

समोरच्या वाऱ्यानं तू दमू नयेस म्हणून त्या शर्यतीत सगळा घाट मी माझी सायकल तुझ्या पुढे ठेवली. शेवटच्या वळणावर ठरल्याप्रमाणे बाजूला झालो आणि तू सुटलास. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

या वयात हे शोभत नाही, असं तुझी वहिनी म्हणते. न शोभू दे.

रागावलास तरी दोन ओळी धाड.

तुझा
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खूप हसलो. हवा तेवढा जळ, पण ये.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मला नीट उभं राहवत नाही. घरात भिंत धरून चालतो. घरच्यांखेरीज हे कोणाला ठाऊक नाही. भाषणं संपेपर्यंत उभं राहायचंय, आणि लोकांसमोर काठी धरायची माझी छाती नाही. त्यांच्यासमोर कोसळलो तर मेल्याहून मेल्यासारखं होईल. मुलगा धरतो, पण त्याचं धरणं लांबून कळतं. तू शेजारी असलास की कोणाला दिसतच नाहीस. चिडू नकोस, मला तेच हवंय.

आणि हेवा काय तुलाच करता येतो? लोक मला अजून तिशीतच ठेवतात. तू मात्र निवांत म्हातारा झालास.

वहिनीस नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
बारक्या

२६ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. गुडघा शेकतोस ना?

तुझं वजन केवढं वाढलंय! दंडाला मुंग्या आल्या, तरी त्या पुढाऱ्याचं भाषण संपेना. मग फुलं घेऊन आलेल्या बाईंनी मला फोटोसाठी जरा बाजूला व्हायला सांगितलं. अशी आग झाली अंगाची! खरंच हात सोडवून निघून जावं असं वाटलं. पण तुझी बोटं माझ्या बाहीत रुतली होती. घाटात बाजूला झालो होतो, या वेळी नाही झालो.

पेपरात फोटो आलाय. तू ताठ, हसरा. शेजारी पुन्हा माझं कोपरच! तुझ्या वहिनीनं तोही टांगला. आज एका आजींना नवा चष्मा दिला. त्यांनी दोन्ही फोटो निरखले आणि चॅम्पियन या वयातही किती ताठ उभे राहतात, असं कौतुकानं म्हणाल्या. मी हो म्हणालो.

मग त्यांनी ते कोपर कोणाचं, असं विचारलं. मी म्हटलं, असेल कोणीतरी.

जळतो अजून. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
दादा