थोरल्या जावयाच्या बॅगा

२४ मे, रविवार
बॅगांची जोडी पाच हजार दोनशे. लोखंडी स्टँड चौदाशे. मजुरी शून्य, कारण फिटिंग मीच करणार. बायकोला सांगितलेली किंमत अडीच हजार.

धोंड्याचा महिना. सासूबाईंनी ७ जूनला दोन्ही जावयांना वरकुट्याला जेवायला बोलावलंय. धाकटे जावई, म्हणजे माझे साडू सुयोगराव, पणदऱ्याचे. माझ्यानंतर त्यांनीही क्रूझर मोटारसायकल घेतली, वर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बॅगा. फोनवर सासूबाई माझ्या बायकोला, राजेश्वरीला म्हणत होत्या, ‘सुयोगरावांच्या गाडीला बॅगा लय शोभत्यात बघ.’ फोन स्पीकरवर नव्हता. मी पुढच्या खोलीत होतो. कानांना काय करणार?

माझ्या बॅगांचा याच्याशी संबंध नाही. क्रूझरला बॅगा लागतातच.

२८ मे
सायकलवर ठिबकच्या नळ्या विकून बारामतीत दुकान उभं केलं. चार बोल्टांना मेकॅनिक कशाला? डावीकडे साडी गार्ड आणि बायकांचा फूटरेस्ट आडवे येत होते. काढले. आता गाडी गाडीसारखी दिसते.

राजेश्वरी म्हणाली, ‘अहो, मी पाय कुठं ठेवायचे?’ म्हटलं, बघू.

३१ मे
उजवी बॅग सायलेन्सरला टेकते. वास येतो. चामडं मुरत असणार. सुयोगरावांच्या बॅगा रेक्झिनच्या. विचारलं नाही, पण माणूस बघून कळतं.

५ जून
राजेश्वरीनं काठापदराची साडी नेसून ट्रायल घेतली. एका बाजूला बसली. पाय बॅगेवर, बॅग घसरली, हात माझ्या कॉलरला. म्हणाली, ‘त्यापेक्षा दुकानाचा टेम्पो काढा.’ थोरला जावई पाइपांच्या टेम्पोतून उतरणार? ओवाळायचा पहिला मान थोरल्याचा. सुयोगरावांनी मागं उभं राहून बघायचं.

तिच्या समाधानासाठी डावी बॅग काढायला गेलो. बोल्टांची डोकी गोल झालीत. पक्कं फिटिंग म्हणतात ते हेच.

७ जून, सकाळ
राजेश्वरी एसटीनं येणार. म्हणाली, ‘तुमी बॅगांना घिऊन या.’ बोलण्यात थोडी धार होती. दुर्लक्ष केलं.

७ जून, संध्याकाळ
सगळ्यांच्या आधी पोचलो. सासूबाई आरतीचं ताट घेऊन दारात. ‘जावईबापू, एकटंच? धोंड्याला जोडीनं ओवाळत्यात. उभं ऱ्हावा वाईच.’

राहिलो.

मग सुयोगराव आले. मागं त्यांची प्रगती, राजेश्वरीची धाकटी बहीण, एका बाजूला ऐसपैस बसलेली. गाडीला बॅगा नाहीत. विचारलं, तर हसून म्हणाले, ‘पाव्हणं, हिला बसता येईना. कवाच काढून टाकल्या.’ आतून कुणीतरी म्हणालं, ‘गुणाचा हाय गं जावई.’ हळू म्हणालं होतं.

त्या दोघांना ओवाळलं. पेढा दिला. ते आत गेले.

राजेश्वरीची एसटी पाऊण तासानं आली.